नरसक्काच्या डोक्याचा रंग

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मोहोळजवळच्या आमच्या गावात. ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर असं की धाकटा म्हणतो, आई, कागदावर मुंग्या फिरल्यासारखं दिसतंय. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलीच तर त्याने चुकांबद्दल आणि अक्षराबद्दल राग मानू नये. मला बोलायला येत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरते. नरसक्काच्या बाबतीत बोलायला हवं होतं तेव्हाही मी बोलले नाही. म्हणून आता लिहिते.

दुष्काळाच्या साली आम्ही सोलापूरला आलो. माझे यजमान पॉवरलूमवर लागले आणि मी भवानी पेठेतल्या एका रंगखान्यात. चादरीचं सूत तिथं रंगायचं. सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवायच्या, काठीने फिरवायच्या, खुंटीला अडकवून पिळायच्या आणि अंगणातल्या बांबूंवर वाळत घालायच्या. माझं काम वाळवणाचं. नरसक्काचं काम रंग कालवायचं आणि कढईवर उभं राहायचं.

नरसक्का तेलंगणाकडची; अक्का म्हणजे त्यांच्या तेलुगूत मोठी बहीण. रंगखान्यातल्या सगळ्या तिला अक्काच म्हणत, तिच्याहून थोरल्या दिसणाऱ्यासुद्धा. वय तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पंचावन्न असेल, साठही असेल. उंच, वाळकी, पाठीत किंचित वाकलेली. हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी हिरवे. जेवताना ती हात धूत नसे, कारण धुऊन काही जात नव्हतं. डाव्या हाताने भाकरी धरून तिचा तुकडा दातांनी तोडायची. वाफेने घसा जळतो म्हणून आम्हाला दुपारी गुळाचा खडा मिळायचा. तो ती तोंडात टाकायची नाही. पदराच्या टोकाला बांधून घरी न्यायची, लेकीसाठी.

तिची मराठी तिची तिचीच होती. पुरुष, बाई, रंग, कढई, सगळ्यांना ती 'ते' म्हणायची. रंगांविषयी तर शेजारपाजारच्या माणसांविषयी बोलावं तशी बोलायची. मी नवी असताना एकदा ओली लडी पाहून म्हणाले की रंग छान चढलाय. तिने माझ्या हातातली लडी काढून घेतली, एक धागा तोडला, चुलीच्या तापल्या पत्र्याला चिकटवून वाळवला आणि मला उन्हात नेऊन दाखवला. तोच रंग, पण मेल्यासारखा.

"ओल्यात बघू नको," ती म्हणाली. "ओलं रंग खोटं बोलतंय."

मग मला एकेका रंगाचा स्वभाव सांगितला. तांबडं लई उतावळं, सगळ्यांच्या आधी धावून चिकटतंय. निळं आळशी, त्याला तापवून तापवून उठवावं लागतंय. पिवळ्याचं कुणासंगं पण जमतंय. मी हसले. रंगखान्यात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

हे सगळं तिने नवऱ्याकडून उचललं होतं. तो याच रंगखान्यात रंगारी होता. छातीच्या दुखण्याने मेला आणि मागे बाकी ठेवून गेला. आमच्याकडे बाकी म्हणजे मालकाकडून घेतलेली उचल. ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येत नाही. आणि घेणारा मेला किंवा थकला तर बाकी मरत नाही. त्याच्या घरातलं दुसरं माणूस त्या जागी उभं राहतं. हे कुठल्या कायद्यात नव्हतं, पण पेठेत सगळे तसंच करत. नवऱ्याची बाकी सहाशे चाळीस होती आणि त्याच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी नरसक्का कढईवर उभी राहिली. आठवड्याला अठरा रुपये मिळत, त्यांतले चार कापले जात.

शनिवारी पगार घेताना ती मला सोबत न्यायची. मुनीम वही पुढे करायचा, मी आकडा वाचायची आणि मग ती अंगठा द्यायची. मला वाचता येतं याचं तिला फार कौतुक होतं. दुसऱ्या बायकांना सांगायची की इंदूला अक्षरं ओळखतात. मी अक्षरं ओळखते असं नाही, अक्षरं मला ओळखतात. मी लाजून मरायची.

तिच्या घरात ती आणि तिची मुलगी सुशीला, दोघीच. सुशीला तिशीची असेल. तिला दमा होता, म्हणून नवऱ्याने आणून सोडली होती. ती दारात बसून विड्या वळायची. बोलताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. आपला बाप मेल्यावर आईऐवजी आपण कामाला जाऊ म्हणून ती एकदा रंगखान्यात आली होती. काळ्या रंगाच्या कढईपाशी तासभर उभी राहिली आणि खाली कोसळली. ओठ निळे पडले होते. तिला पाठीवर घेऊन अक्का घरी गेली. तेव्हापासून अक्काच्या मनात एकच होतं. बाकी आपल्या हातांनी फिटली पाहिजे, सुशीलाला त्या कढईपुढे उभं करायचं नाही. हे ती रोज बोलून दाखवत नसे. एकदाच म्हणाली, "तितं ते चार महिने जगायचं न्हाय."

मी लागल्याला दीड वर्ष होऊन गेलं असेल. दिवाळी झाली आणि दुसऱ्या एका रंगखान्यात एक म्हातारी पाय घसरून कढईत पडली. पोलीस आले, तपासणीवाले आले. मग आमच्या मालकाने सांगून टाकलं की म्हाताऱ्या बायका कढईवर नकोत. आता म्हातारी कोण, हे ठरवायचं कसं? कागद कुणाकडेच नव्हते. मुनिमाने केस पाहिले. ज्यांचं डोकं पांढरं त्या चौघी. त्यांतली एक नरसक्का. सोमवारपासून त्यांनी यायचं नाही आणि ज्यांची बाकी आहे त्यांनी घरातलं माणूस पाठवायचं. त्याच शनिवारी मुनिमाने चौघींच्या घरच्यांच्या नावाने नवी पानं घातली. नरसक्काच्या पानावर दोनशे साठ उरले होते. नव्या पानाच्या माथ्यावर त्याने सुशीलाचं नाव लिहिलं. मी ते वाचलं. अक्काने विचारलं, काय लिहिलंय. मुनीम माझ्याकडे पाहत होता. मी म्हणाले, दोनशे साठ.

रविवारी दुपारी तिने मला घरी बोलावलं. चुलीवर पातेलं ठेवलं होतं आणि तीन पुड्या उघडून बसली होती. निळी, तांबडी, पिवळी. रंगखान्यातला काळा रंग तिला चालणार नव्हता, कारण त्याने केस काळे होत नाहीत, झडतात. आम्हा सगळ्यांच्या हातांवरची लव त्यानेच गेली होती. म्हणून ती तिन्ही मिळून आपला काळा बनवत होती. चिमूट चिमूट टाकायची, सुताची दोरी बुडवायची, वाळवायची, दारात जाऊन उन्हात पाहायची, पुन्हा चिमूट टाकायची. शेवटी दोरी काळी कुळकुळीत झाली. सुशीला म्हणाली की कावळ्याला लाजवेल असा आलाय. मग अक्काने केस सोडले. मी रंग ओतला. वाळल्यावर ती इतकी तरुण दिसायला लागली की सुशीला हसता हसता खोकायला लागली. म्हणाली, आता आम्हा दोघींत आई कोण ते मुनिमाला विचारा.

अक्काने फुटक्या आरशात पाहिलं आणि आरसा पालथा ठेवला. मग मान ताठ करून बसली.

सोमवारी मुनिमाने तिला दारात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि आत सोडलं. तो काही आंधळा नव्हता, पण त्याला डोकं काळं हवं होतं आणि ते होतं. ती कढईवर उभी राहिली. तास दीड तासाने मी लडी घ्यायला आत गेले तर तिच्या मानेवरून निळे ओघळ चालले होते. पाठीवरचा पदर निळा झाला होता. वाफेने आणि घामाने निळा उतरत होता आणि खालून तांबडा वर येत होता. दुपारपर्यंत निळा सगळा वाहून गेला आणि तिचं डोकं भडक डाळिंबी झालं. डाळिंब फोडल्यावर दाणा दिसतो तसं. सगळ्या कढया सोडून बायका पाहत राहिल्या. कपाळ मोकळं, गळा मोकळा, आणि विधवा बाईचं डोकं हे असं.

तिने उभ्या जन्मात सूतच रंगवलं होतं. परीक्षाही सुतावरच घेतली. केस म्हणजे सूत नव्हे, हे एवढं तिच्या लक्षातून गेलं.

नेमका त्या वेळी मालक एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याला माल दाखवत होता. तो व्यापारी थांबला. तिच्याजवळ आला आणि तिच्या डोक्याकडे असं पाहायला लागला, जसं आम्ही लडीकडे पाहतो. मालकाला म्हणाला, या रंगाची चादर द्याल का? मालक आधी चिडला होता, पण हे ऐकून त्याचा चेहरा बदलला. त्याने अक्काला विचारलं की प्रमाण काय आहे. अक्का खाली पाहत होती. मला वाटलं ती रडेल.

"मी हितं असले तर परमाण हाय," ती म्हणाली. "मी घरी गेले तर मला आठवायचं न्हाय, मालक. म्हातारं झाले की मी."

तशी ती राहिली. बाकीच्या तिघी गेल्या. एकीच्या जागी तिची सून आली, सहा महिन्यांची पोटुशी. ती काठी फिरवताना पोट कढईला लागू नये म्हणून तिरपी उभी राहायची.

सुतावर तो रंग आणायला अक्काला चार दिवस लागले. आणला. पण मालकाची एक अट होती. तिने डोकं तसंच ठेवायचं. व्यापारी आले की सूत दाखवण्याआधी तिला अंगणात बोलावत. उन्हात उभं करत आणि पदर खाली घ्यायला सांगत. व्यापारी हसत, एखादा केसाला हात लावून पाही. आमच्या अंगणात परक्या पुरुषापुढे विधवा बाईने पदर काढून उभं राहायचं आणि आम्ही बांबूंआडून पाहायचं. मी लडी पसरत राहायची. एकदा मुनीम म्हणाला, "अक्का, वळून उभ्या राहा की, मागून चांगला दिसतो." ती वळली.

आत आल्यावर मी तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "इंदू, त्यांना मी दिसत न्हाय. रंग दिसतंय. मग मला कसली लाज?"

पेठेत तिचं जगणं कठीण झालं. बायका नळावर तिच्या घागरीपासून आपली घागर बाजूला घेत. म्हातारपणी कुणासाठी नटते असं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत. सख्ख्या भावाने मुलाच्या लग्नाची चिठ्ठी पाठवली आणि निरोपही पाठवला की चिठ्ठी रीतीची आहे, यायचं नाही. ते सगळं ती ऐकून घ्यायची. फक्त पोरांना उत्तर द्यायची. गल्लीतली पोरं 'तुरेवाला कोंबडा' म्हणून मागे लागत. ती थांबून वळायची आणि म्हणायची, "व्हय रे, कोंबडाच हाय मी. मी ओरडल्यावर तुमचे बाप उठतात कामाला." पोरं पळायची. मग तीही हसायची, पण हसू फार वेळ टिकायचं नाही.

दर तीन आठवड्यांनी मुळाशी पांढरं दिसायला लागलं की पुन्हा रंग. रंग चढावा म्हणून पाणी कढत लागायचं. तिच्या डोक्याची कातडी सोलली. मध्ये मध्ये फोड आले, त्यांतून पाणी यायचं आणि उशीला डोकं चिकटायचं. केस विरळ झाले. सुशीला हात जोडायची की आई, पुरे कर, मी जाते कामाला. ती तिला खोबरेल लावायला सांगायची आणि तेल लावून झालं की म्हणायची, उतरलं बघ ठणका, उतरलं. मी रंग ओतायला जायची तेव्हा मीच डोळे मिटून घ्यायची. पुढे पुढे तिनेच मला सांगितलं, "तू तितं भिंतीकडं बघ. मी सांगते कुटं वतायचं."

दर शनिवारी मी पान वाचत होते. माथ्यावर सुशीलाचंच नाव होतं. अक्का कामावर राहिली तरी मुनिमाने पान बदललं नव्हतं. आज ना उद्या लागणारच आहे, असं त्याने धरलं असावं. पहिल्या शनिवारी मी त्याच्या नजरेला भिऊन गप्प बसले. दुसऱ्या शनिवारी वाटलं, आधी का नाही सांगितलं म्हणेल. मग दहा झाले, वीस झाले. मी फक्त आकडा वाचायची. आकडा उतरत होता आणि ती खूश व्हायची.

श्रावणात आठ दिवस झड लागली. त्यांच्या खोलीची भिंत ओलीचिंब झाली. सुशीलाची शिट्टी गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायची. अक्का तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिला घेऊन परत आली. घरापुढच्या अंगणात ठेवलं. भाऊ आला, भावकी आली. अक्का लेकीच्या उशाशी बसली होती, डोकं उघडं. भावजय म्हणाली, आज तरी झाका, माणसं बघतायत. अक्काला ऐकू आलं नाही, की ऐकूनही तिने मनावर घेतलं नाही, मला कळलं नाही. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, गुळाचा खडा काढला, लेकीच्या तोंडाजवळ नेला आणि मग तसाच मुठीत धरून बसली. उठवेपर्यंत ती मूठ उघडली नाही. गूळ पाघळून मनगटावर आला होता.

पाचव्या दिवशी ती कामावर आली. सगळ्यांना नवल वाटलं. आता घरात कुणी उरलं नव्हतं, तिच्या जागी कुणाला उभं करायची भीती उरली नव्हती. घरी बसली असती तर मालक काय करणार होता? एक बाई तसं म्हणालीही. अक्का म्हणाली, हात रिकामे बसत नाहीत. डोक्याला मात्र तिने रंग लावला नव्हता. मुळाशी चांगलं बोटभर पांढरं आलं होतं. मला वाटलं, सुटली.

त्या शनिवारी मुनिमाने वही पुढे केली. एकशे बारा. मी आकडा वाचला. बाहेर आल्यावर रस्त्यातच मी तिला सांगितलं. मी म्हणाले, अक्का, ते पान तुमच्या नावाचं नाही. दिवाळीपासून सुशीलाच्या नावाचं आहे. मी दर शनिवारी बघत होते.

ती थांबली. का लपवलंस, हे तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "म्हंजे ते मेलं तरी तितंच उभं हाय."

रविवारी तिने डोकं रंगवलं. मला बोलावलं नाही, एकटीनेच रंगवलं. सोमवारी ते पहिल्या दिवसापेक्षा भडक होतं. शनिवारी तिने मुनिमाला सांगितलं की चार नको, सात काप. त्याने विचारलं की खाणार काय. त्यानंतर दुपारी ती जेवायला बसायची नाही. वाट्याचा गूळ मात्र खायला लागली, वाळवणाच्या बांबूला टेकून, उभ्या उभ्या. व्यापारी आले की सांगण्याआधी अंगणात जाऊन उभी राहायची आणि स्वतःच पदर खाली घ्यायची. त्यांच्याकडे पाहायचीही नाही. माझ्याशी पहिल्यासारखं बोलायची, कधी रागावली नाही. ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

असे सोळा शनिवार गेले. मार्गशीर्ष लागला होता, सकाळी हवेत गारठा असायचा. शेवटच्या शनिवारी तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. त्यानंतर ती रंगखान्यात आली नाही. खोलीला कुलूप होतं. कुणी म्हणालं ती कुंभारीला एका ओळखीच्या बाईकडे गेली, कुणी म्हणालं तेलंगणातल्या तिच्या माहेरच्या गावी. मालकाने चारदा माणूस पाठवला, कारण दुसऱ्या कुणाला तो डाळिंबी साधेना. मला ती पुन्हा दिसली नाही. म्हणून त्या शनिवारचं जसंच्या तसं लिहिते.

मुनिमाने अठरा रुपये मोजून गादीवर ठेवले. अक्काने त्यांतले सात आपल्या हाताने त्याच्याकडे सरकवले. त्याने ते गल्ल्यात टाकले, पानावर लिहिलं आणि शाईची दौत पुढे केली, अंगठा द्या म्हणाला. अक्काने हात मागे घेतला. म्हणाली की आधी नाव खोड. मुनीम म्हणाला, हिशेब मिटलाय, नावाचं काय घेऊन बसलात. ती हलली नाही. मागे पगाराला बायका उभ्या होत्या. मी पुढे झाले आणि म्हणाले, मुनीमजी, नाव खोडा. एवढ्या माणसांत मी बोललेलं ते पहिलंच.

त्याने आमच्या दोघींकडे पाहिलं. मग टाक बुडवून त्याने सुशीलाच्या नावावर आडवी रेघ ओढली.

"वाच," अक्का मला म्हणाली.

मी वाचलं, नाव खोडलंय. बाकी काही नाही.

तिने अंगठा दिला. उरलेले अकरा रुपये कनवटीला लावले आणि उजेडात गेली. सहाशे चाळीस रुपये, सगळे, फिटले होते.